वळवानं बाभूळ पाडली, आता पुढं काय? जळणाचं माप आणि भाव

वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कोरेगाव तालुक्यात दोन माणसं हमखास बांधावर दिसतात. एक वायरमन आणि दुसरा पडलेल्या झाडाचा भाव करणारा. हा दुसरा झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्याला चपलेनं ढोसून बघतो आणि म्हणतो, "द्या उक्तं, दादा. उद्याच ट्रॉली लावतो." आपल्याला वाटेतलं झाड हलवायचं असतं, डोक्यावर पेरणी असते. आपण अख्खं झाड एकाच ठोक रकमेला, म्हणजे उक्तं, देऊन मोकळे होतो. तो महिन्याला दहा-पंधरा झाडं बघतो, आपण दहा वर्षांतून एक विकतो. सगळा पैसा त्या फरकात आहे.

घरची चूल आणि बंब भागून ज्यांच्याकडं ट्रॉली-दोन ट्रॉली जळण उरतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वखार टाकायची असेल तर तो वेगळा धंदा.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा दोन निलगिरी आणि एक बाभूळ मी उक्तीच दिली. माझ्या अंदाजानं ती दीड ट्रॉली भरेल असं होतं, प्रत्यक्षात तीन भरल्या. त्यानं मापात मारलं असं म्हणता येत नाही, कारण माप कुणी केलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी शहाणा झालो. स्वतः तोडलं, काट्यावर नेलं आणि हायवेवरच्या एका ढाब्याला किलोवर विकलं. चौथ्या दिवशी ढाबेवाल्याचा फोन आला, "अहो, नुसता धूर! गिऱ्हाईक डोळं चोळत उठतंय." अर्धा माल परत आणावा लागला, भाडं माझ्या अंगावर. आमच्या तात्यांनी ती परत आलेली ट्रॉली पाहिली, एक ढलपी उचलून हातात तोलली आणि विचारलं, "काय रं, लाकूड इकायचं हाय का पाणी?"

जळणाच्या धंद्यातला मुद्दा एवढाच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे ४५ टक्के पाणी असतं. चांगल्या वाळलेल्यात १५ ते २० टक्के. म्हणजे आज १००० किलो भरलेला माल वाळल्यावर साधारण ६९० किलो भरतो. वरचे ३१० किलो तुम्ही गिऱ्हाइकाला लाकूड म्हणून विकत होता.

आधी कागद

झाड आपल्या रानात आहे म्हणून तोडायला आपण मोकळे, असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, मोह, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. सातारा शहरात किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असाल तर १९७५ चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा लागतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या माणसानं तर फांदी तोडायच्या आधीही विचारावं.

तोडणं वेगळं आणि वाहून नेणं वेगळं. कोणत्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो आणि कोणत्याला सूट आहे, हे वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा, तेही ट्रॉली भरायच्या आधी. रात्री नाक्यावर ट्रॉली अडली की लाकडापेक्षा ट्रॅक्टर सोडवायची धावपळ जास्त होते. झाड वाऱ्यानं पडलं असेल तर कुऱ्हाड लावायच्या आधी मुळासकट दिसेल असे चार फोटो काढा आणि तलाठ्याच्या कानावर घाला.

सामाईक बांधावरच्या झाडाबद्दल वेगळं काही सांगायला नको. शेजाऱ्याला आधी बोलवा, अर्धं-अर्धं तोंडी ठरवा, मग मशीन चालवा. जळण दोन हजारांचं आणि कोर्टाचे हेलपाटे दहा वर्षांचे, अशी उदाहरणं प्रत्येक गावात आहेत.

बुंधा आडवा असताना अंदाज काढा

उक्तं द्यायचं असो वा स्वतः फोडायचं असो, पडलेल्या झाडात किती माल आहे हे त्याच दिवशी कळलं पाहिजे. शिंप्याची टेप पुरते. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि ती फुटानं मोजा.

बुंध्याच्या मधोमध वेढा घ्या. समजा वेढा ४ फूट आणि सरळ बुंध्याची लांबी १० फूट. वेढा गुणिले वेढा गुणिले लांबी, म्हणजे १६०. आता याला साडेबारानं भागा. १२.८ घनफूट आलं. हे त्या बुंध्याचं खरं आकारमान.

व्यापारी मात्र वेढ्याचा चौथा भाग घेतो, त्याचा वर्ग करतो आणि लांबीनं गुणतो. १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १० घनफूट. हा हिशेब त्यानं लबाडीनं काढलेला नाही. इमारती लाकडाच्या बाजारात तो जुना आहे. तिथं गोल ओंडक्यातून चौकोनी पाटी काढताना कडेची साल आणि फळकुटं वाया जातात, त्याची सूट या मापात धरलेली असते. पण जळणात वाया काय जातं? कडेचं फळकूटही बंबातच जायचं असतं. म्हणजे तोच १६० चा गुणाकार तो सोळानं भागतो, तुम्ही साडेबारानं भागा. या एका भागाकारात पाचव्या हिश्शाहून जास्त माल इकडचा तिकडं होतो.

ओलं लाकूड पाण्याच्या आसपास जड असतं, म्हणजे घनफुटाला साधारण २८ किलो. आपल्या बुंध्यात त्या हिशेबानं ३६० किलो ओला आणि वाळल्यावर २५० किलोच्या आत-बाहेर माल निघेल. जाड फांद्यांचंही असंच तुकड्यातुकड्यानं मोजा. मनगटापेक्षा बारीक फांद्या धरू नका. बाभळीच्या असल्या तर त्या कुंपणाला जातात आणि तिथं त्यांची किंमत जास्त आहे.

कोणतं लाकूड, कुणासाठी

बाभळीचा निखारा तासभर टिकतो, म्हणून आचारी आणि ढाबेवाले आधी बाभूळ मागतात. चिंचेचा जाळ त्याहून कडक. निलगिरी भडकते लवकर आणि संपतेही लवकर. पाणी उकळायला चांगली, मटण सावकाश शिजवायला नाही. सुबाभूळ मधली. आंबा सौम्य जळतो, पण जरा ओला राहिला की धुमसतो. कडुनिंबाचा धूर स्वयंपाकाला कुणाला नको असतो, बंबाला चालतो. शेवगा, पांगारा, सावर ही लाकडं वाळली की कागदासारखी हलकी होतात. ती विकायच्या भानगडीत पडू नका, नाव खराब होतं. वड-पिंपळ आपल्याकडं चुलीत घालत नाहीत, तेव्हा ते ट्रॉलीत मिसळलेलं दिसलं तर अख्ख्या ट्रॉलीवर संशय येतो. कण्हेर आणि बिब्बा कधीच देऊ नका. त्यांचा धूरच बाधतो.

सांगली जिल्ह्यात तासगाव, कवठेमहांकाळकडं एक वेगळंच जळण निघतं, ते जुनी द्राक्षबाग काढल्यावरच्या खोडांचं. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या काड्या नुसत्या पेटवणाला कामाच्या, पण पंधरा वर्षांची खोडं वाळली की बंबाला उत्तम. फक्त त्यात तारांचे तुकडे अडकलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन लावलं तर चेन गेली म्हणून समजा.

गिऱ्हाईक ठरलं की लांबी ठरते. तांब्याच्या बंबाची नळी अरुंद असते, तिला वीतभर लांबीच्या बारीक ढलप्या लागतात. घरच्या चुलीला दीड फूट. आचाऱ्याच्या भट्टीला आणि हळद शिजवणाऱ्यांना दोन-तीन फुटांचे जाड फोडलेले तुकडे. आधी सगळं एका मापाचं कापून ठेवलं आणि नंतर गिऱ्हाईक शोधलं, तर निम्मं पुन्हा कापावं लागतं. कापणावळ दोनदा.

फोडायचं ते ओलं असतानाच. बाभूळ आणि निलगिरी वाळल्यावर कुऱ्हाड उसळून परत येते. पाचर आणि घण घेतला तरी दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

वाळवण

जानेवारी-फेब्रुवारीत तोडून फोडलेलं लाकूड मे अखेरपर्यंत चांगलं वाळतं. माण-खटावच्या कोरड्या वाऱ्यात तर लवकरच. पण वळवानं मे महिन्यात पाडलेलं झाड मृगाच्या आत वाळत नाही, कितीही पातळ फोडा. ते पत्र्याखाली रचा आणि दिवाळीनंतर विकायचं धरा. मधल्या चार महिन्यांत पैशाची निकड असेल तर ओलं म्हणून, ओल्याच्या भावानं विका. तो भाव पुढं सांगतो.

थप्पी जमिनीवर टेकवू नका. खाली विटा किंवा दगडांची ओळ घाला, नाहीतर तळचा थर वाळवीला. वरून पत्रा किंवा ताडपत्री, पण बाजू उघड्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून ठेवलेलं लाकूड आत घामेजतं, त्याला बुरशी येते. आणि थप्पीतून लाकूड काढताना आधी काठीनं ठोका. विंचू आणि घोणस दोघांनाही ही जागा फार आवडते.

वाळलं कसं ओळखायचं? दोन ढलप्या एकमेकीवर आपटा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या धप्प. टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते. पण कान आणि नख हा अंदाज झाला. भाव करायला आकडा लागतो आणि तो काढायला मीटर विकत घ्यायची गरज नाही.

थप्पी रचतानाच पाच तुकडे बाजूला घ्या. एक जाड, एक बारीक, तीन मध्यम. त्यांवर ऑइल पेंटनं १ ते ५ आकडे घाला. घरातल्या काट्यावर प्रत्येकाचं वजन करून वहीत तारखेसह लिहा आणि तुकडे थप्पीच्या मधल्या थरात अशा जागी ठेवा की ओढून काढता येतील. दर रविवारी तेच पाच तुकडे काढा, तोला, लिहा, परत ठेवा. माझ्या वहीत बाभळीचा ३ नंबरचा तुकडा २ किलो १०० ग्रॅमपासून सुरू झाला, पहिल्या महिन्यात भराभर उतरला, मग रेंगाळला आणि १ किलो ४०० ग्रॅमला येऊन बसला. लागोपाठ दोन रविवारी पाचही तुकड्यांचं वजन तेच आलं की माल तयार. ही वही गिऱ्हाइकाला दाखवा. ज्या ढाबेवाल्यानं माझा माल परत पाठवला होता, त्यानं दुसऱ्या वर्षी वही बघून घासाघीस केली नाही. खरं तर त्यानं वही फारशी वाचलीही नाही. मी वही ठेवतो एवढंच त्यानं बघितलं.

ट्रॉली, ब्रास, मण

"ट्रॉलीचा भाव काय?" हा प्रश्न गिऱ्हाईक विचारणारच. ट्रॉली हे माप नाही. कुणाची १० फूट बाय साडेपाच फूट बाय २ फूट, कुणाची त्याहून उंच फळ्यांची. आणि एकाच ट्रॉलीत रचून भरलेला माल आणि भिरकावून भरलेला माल यांत तिसऱ्या हिश्शाचा फरक पडतो.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू-मुरमाला ते ठीक, कारण वाळूत पोकळी बेताची. लाकडात पोकळीच पोकळी. फोडलेलं, सरळ, नीट रचलेलं लाकूड असेल तर थप्पीच्या आकारमानात साधारण ६० टक्के लाकूड आणि बाकी हवा. वाकड्या फांद्या भिरकावल्या तर लाकूड ४० टक्क्यांवर येतं. वाळलेल्या बाभळीची नीट रचलेली ब्रास १३०० किलोच्या आसपास भरते, तीच भिरकावलेली ९०० किलो. आंब्याची रचलेली ब्रास १००० किलो. ब्रास तीच, पण माल ९०० किलो आहे की १३००, हे त्या शब्दातून कळत नाही.

मणाचं आणखी वेगळं. जुना सरकारी मण ३७.३२ किलोचा, पण बोलण्यात बहुतेक जण ४० किलोचा धरतात. समोरचा मण म्हणाला की "किती किलोचा?" हे लगेच विचारा, लाजू नका. पावतीवर मात्र किलो किंवा टनच लिहा, कायद्यानं व्यवहार मेट्रिक मापातच करायचा असतो. यूट्यूबवर लाकूड रचायचे अमेरिकन व्हिडिओ बघून कुणी 'कॉर्ड' म्हणायला लागलं तर ते १२८ घनफुटांचं त्यांच्याकडचं माप आहे. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्याचा काही उपयोग नाही.

मग थप्पी मोजायचीच नाही का? मोजा, पण स्वतःच्या अंदाजासाठी. मी बांबूचा १ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटरचा सांगाडा बांधून ठेवलाय. नवीन जातीचं लाकूड आलं की एकदा त्यात नीट रचून भरायचं आणि कांद्याच्या गोण्या तोलतात त्या काट्यावर थोडं-थोडं तोलून बेरीज करायची. माझी वाळलेली बाभूळ एका सांगाड्याला साडेचारशे ते पावणेपाचशे किलो भरते. आता थप्पीची लांबी, रुंदी आणि तीन जागी घेतलेल्या उंचीची सरासरी गुणली की घरबसल्या टन कळतात. उंची एकाच जागी घेऊ नका, थप्पी मध्ये नेहमी फुगलेली असते.

काट्यावर

विक्री वजनावर. अर्ध्या टनाच्या आतला माल कांद्याच्या काट्यावर तोला. मोठा वजनकाटा दहा-वीस किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, लहान मालाला ते परवडत नाही. ट्रॉलीभर माल असेल तर मोठा काटा गाठा. कार्यालयात वैध मापन शास्त्र विभागाचं पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावरची तारीख बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी होते. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम, तेव्हा काट्यांवर रांगा असतात. दुपारी जेवायच्या वेळी जा.

पावतीवर तीन आकडे असतात. भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन. सगळे खेळ मधल्या आकड्यात होतात. रिकामी ट्रॉली तोलताना तीन माणसं ट्रॉलीत उभी राहिली आणि भरलेली तोलताना उतरली, की १८० किलो माल तुमच्या नावावरून गेला. हे मी स्वतः बघितलंय. माणसं गप्पा मारत उभी होती, इतकी सहज की मलाही उशिरा कळलं. तेव्हा रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वजनं त्याच दिवशी, त्याच काट्यावर करा, ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली किंवा दोन्ही वेळा वर. "रिकाम्याची पावती आहे माझ्याकडं" असं कुणी खिशातून जुना चिठोरा काढला तर तो चहाच्या कपाखाली ठेवायला घ्या.

भाव कसा काढायचा

दोन टोकं काढायची. खालचं टोक म्हणजे आपला खर्च, वरचं टोक म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय केवढ्याला पडतो ते. भाव त्या दोहोंच्या मध्ये कुठंतरी बसतो.

खालचं टोक. पुढचे आकडे नुसते समजायला घेतलेत, तुमच्या गावची मजुरी घाला. समजा ३ टन ओला माल निघाला. वाळून आणि साल-भुसा जाऊन २ टन राहिला. कटर मशीनवाल्याचे २०००, फोडणं आणि रचणं चार माणसांचे ६०० प्रमाणे २४००, हमाली ७००, ट्रॉलीचं भाडं १५००, तोलाई २००. एकूण ६८००. भागिले २००० किलो, म्हणजे किलोला ३ रुपये ४० पैसे नुसता खर्च. झाडाची किंमत यात शून्य धरली आहे.

आता ६ रुपयांनी विकलं तर १२००० आले, हातात ५२०० राहिले. तेच झाड उभ्या उभ्या ओल्या टनाला १५०० प्रमाणे उक्तं दिलं असतं तर काही न करता ४५०० मिळाले असते. चार महिने थांबून, विंचवाशी दोन हात करून सातशे रुपये जास्त! म्हणून स्पष्ट सांगतो, फोडायला बाहेरची माणसं लावायची असतील तर मोजमाप करून उक्तं द्या आणि झोपा. फोडणं घरच्या माणसांनी केलं तर ते २४०० घरात राहतात, तेव्हाच हे काम परवडतं.

वरचं टोक जरा गमतीचं आहे. हॉटेलवाल्याचा पर्याय म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. गॅस शेगडीत उष्णतेचा बराच भाग भांड्याला लागतो, उघड्या चुलीत बहुतेक वाऱ्यावर जातो. सगळा हिशेब केला तर एका व्यावसायिक सिलिंडरचं काम करायला वाळलेलं लाकूड साधारण २३० किलो लागतं. तेव्हा सिलिंडरचा आजचा भाव २३० नं भागा. समजा सिलिंडर १८०० ला आहे, तर ७ रुपये ८० पैसे. यापुढं जळण नेलं की गिऱ्हाईक मनातल्या मनात शेगडीकडं वळतं. राख काढणं, चुलीजवळ एक माणूस अडकणं, काळी भांडी याचे पैसेही तो त्यातून वजा करतो. 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लावलेला मात्र करत नाही, त्याला धूर दाखवायचाच असतो. त्याच्याशी बोलताना या आकड्याच्या जरा जवळ जायला हरकत नाही.

दोन्ही टोकं हातात आली की जवळच्या दोन-तीन वखारींवर जाऊन भाव विचारा. विचारताना "पोच का जागेवर?" हे विचाराच. पोच म्हणजे भाडं त्यांचं, जागेवर म्हणजे तुमचं. या एका शब्दावाचून केलेली तुलना फुकट जाते.

ओल्याचा भाव. वाळलेलं ६ रुपये असेल तर वजनाच्या घटीनुसार ओलं ४ रुपये १० पैशांना पडतं. पण ओल्या लाकडाची काही उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते, तेव्हा पावणेचारच्या वर मागू नका आणि "ओलं आहे" हे पावतीवर लिहा. अर्धवट वाळलेलं असेल तर वहीतली घट बघून मधला भाव लावा.

वेळही भाव ठरवते. मृगाच्या आधी, मे महिन्यात, घरोघरी पावसाळ्याची बेगमी भरतात. त्याच सुमारास लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा. आचारी फोन करत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाई, कराड आणि खाली सांगलीपर्यंत हळद शिजते. थंडीत बंब पेटतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कोरडं जळण ज्याच्याकडं असतं त्याला भाव विचारायला माणसं घरी येतात. पत्र्याचा खर्च तिथं निघतो.

किरकोळीची वाट वेगळी. पाचगणी, तापोळा, कासच्या रस्त्याला तंबूत राहणारे पर्यटक शेकोटीला मोळी मागतात. १० किलोची सुतळीनं बांधलेली, दीड फुटी, सोबत मूठभर पेटवण. इथं किलोचा भाव दीडपट-दुप्पट लावला तरी कुणी चकार शब्द काढत नाही, पण मोळी बांधायला वेळ जातो आणि ती तंबूवाल्यापर्यंत पोचवावी लागते. वजन मात्र पूर्ण भरा. "दहाची मोळी" म्हणून आठ किलो बांधणारे आहेत.

पैसे

आचारी आणि लग्नाचं गिऱ्हाईक यांच्याकडून इसार घ्या, बाकी माल उतरायच्या आधी. मांडव उतरल्यावर आचारी सापडत नाही. ढाब्याला पंधरवड्याची उधारी द्यावी लागते, ती पहिल्या ट्रॉलीपुरतीच. दुसरी ट्रॉली पहिलीचे पैसे आल्यावर. पावतीवर लाकडाची जात, वाळलेलं की ओलं, निव्वळ वजन, दर, पोच की जागेवर, एवढं लिहा आणि तिचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करा.

गावात मयत झालं तर तीनशे-साडेतीनशे किलो लाकूड लागतं आणि माणसं रात्री-अपरात्री दार वाजवतात. आमच्या घरात त्याचे पैसे घेत नाहीत. तेवढी एक थप्पी मोजायची नाही, विकायची नाही, पत्र्याखाली वेगळी ठेवायची. ती गेली की पुढच्या वाळवणातून आधी तीच भरायची, मग विक्रीची.

ट्रॉली गेल्यावर जागेवर साल, भुसा आणि बोटभर ढलप्या उरतात. त्या गोणीत भरा. गिऱ्हाइकाच्या मालात टाकल्या तर किलो-दोन किलो जास्त भरतात खऱ्या, पण ट्रॉली उतरवताना सगळ्यात आधी त्याच खाली सांडतात आणि त्याच दिसतात.